चिंचेवाडीची स्लाइड

"दार लाव आणि बस," मगदूम मॅडम म्हणाल्या.

रविवार होता. रविवारी दवाखान्याची लॅब बंद असायची आणि मॅडम एरवीही सोमवार, बुधवार, शनिवार असं तीनच दिवस कोल्हापूरहून गडहिंग्लजला यायच्या. तरी त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी मला खोलीवरून बोलावून घेतलं. टेबलावर पेपर उघडा पडला होता. मी उलट्या बाजूनं बातमी वाचली. शेजारच्या जिल्ह्यात एका एजंटाच्या घरी खोट्या डिप्लोमांचा गठ्ठा सापडला होता. रबरी शिक्के, कोरी सर्टिफिकेटं आणि गिऱ्हाइकांच्या नावांची एक वही.

"तुझा डिप्लोमा कुठल्या कॉलेजचा रे, मोहन?"

मी नाव सांगितलं. इतकं ठणकावून सांगितलं, की ते कॉलेज खरोखर असतं तर तिथल्या प्राचार्यांचा ऊर भरून आला असता.

मॅडमनी पेपराची घडी घातली. लॅबच्या डॉक्टर त्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. त्यांचा राग आवाजात नसायचा, म्हणून जास्त भीती वाटायची.

"तू आलास त्या पहिल्या आठवड्यात बारा स्लाइडवर पेननं नंबर घातले होतेस. आठवतंय? रंग ओतला आणि सगळे नंबर धुऊन गेले. कुठलं रक्त कुणाचं कळेना. बारा माणसांना परत बोलवावं लागलं."

"नवीन होतो, मॅडम. घाबरलो होतो."

"मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण रंगात स्पिरिट असतं, शाई टिकत नाही, नंबर पेन्सिलीनंच घालायचा, हे या कोर्सला पहिल्या तासाला शिकवतात. कॉलेजच्या दारातून आत गेलेला मुलगा दहा चुका करेल, ही नाही करणार. हे मला अकरा महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं. आज हा पेपर वाचताना कळलं."

मी सगळं सांगून टाकलं. बारावीला फिजिक्सनं दोनदा दगा दिला. मग बेळगावात एका लॅबमध्ये दीड वर्ष बाटल्या धुतल्या. तिथंच बघून बघून रक्त काढायला शिकलो, दुर्बिणीखाली पेशी मोजायला शिकलो. हाताला चटकन यायचं, म्हणून वाटलं, आता कागदच तेवढा कमी आहे. तो एजंटानं आणून दिला. घरी सर्टिफिकेट आलं तेव्हा आईनं त्याला कुंकू लावलं होतं. त्या कागदावर खरं म्हणावं असं तेवढंच होतं.

"मी उद्या राजीनामा देतो," मी म्हणालो. "गुपचूप निघून जातो. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे, मॅडम."

"जा की. पण तुझे रिपोर्ट लोकांच्या घरात आहेत. ते कोण परत आणणार?"

त्यांनी स्लाइडची पेटी टेबलावर ओढली.

"मंगळवारी मी दवाखान्याच्या अध्यक्षांना पत्र देणार आहे," त्या म्हणाल्या. "पोलिसांतही जाईल ते. ते मी थांबवणार नाही, तेव्हा पाया वगैरे पडू नकोस. त्याआधी दोन दिवस आहेत. दोन महिन्यांच्या स्लाइड पेटीत आहेत. आपण दोघं त्या एकेक करून बघायच्या. त्याआधीचं आता आपल्या हातात नाही. तेही मी पत्रात लिहीन."

मॅडमचा नियमच होता, एकही स्लाइड दोन महिने टाकायची नाही. बाकीच्या लॅबवाले त्यावरून त्यांची चेष्टा करायचे. मीही केली होती, अर्थात त्यांच्या पाठीमागं.

"आणि तुमचं काय होईल?" मी विचारलं. हा प्रश्न मला सुचला याचं मला आजही बरं वाटतं.

त्यांनी ड्रॉवर ओढला. आत रिपोर्टच्या फॉर्मचा गठ्ठा होता, कोरा, आणि प्रत्येकावर खाली त्यांची सही. त्या नसतील त्या दिवशी मी आकडे भरायचो आणि फॉर्म द्यायचो. तेव्हा बऱ्याच ठिकाणी असंच चालायचं. फक्त वेगळं काही दिसलं तर ती स्लाइड त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची, एवढी ताकीद होती.

"माझं जे व्हायचं ते होईल. सही माझीच आहे ना?" असं म्हणून त्यांनी गठ्ठ्याचे उभे दोन तुकडे केले आणि कचऱ्याच्या बादलीत टाकले. मग चष्मा पुसून दुर्बिणीसमोर बसल्या.

काम असं होतं. मी पेटीतून स्लाइड काढायची, दुर्बिणीखाली लावायची, रजिस्टरमध्ये मी काय लिहिलं होतं ते बघून ठेवायचं. त्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यांत पॉली जातीच्या किती आणि लिम्फो, म्हणजे लिम्फोसाइट, किती. मग विचारायच्या, तू काय लिहिलंस.

"पॉली बासष्ट, लिम्फो चौतीस."

"बरोबर. पुढची."

"पॉली अठ्ठावन्न, लिम्फो छत्तीस."

"ठीक. पुढची."

पहिल्या तासाला माझे हात गार पडले होते. दुपारपर्यंत ते ऊबदार झाले. संध्याकाळी चारशे साठांपैकी दोनशे दहा झाल्या तेव्हा चुका निघाल्या होत्या सहा, आणि त्यांतली एकही कुणाच्या जिवावर बेतणारी नव्हती. मला तर वाटायला लागलं, की एजंटानं मला डिप्लोमा जरा उशिराच दिला. माणूस बुडत असतानासुद्धा फुशारकी मारू शकतो हे मी स्वतःवरून सांगतो.

सोमवारी मॅडमनी ओपीडीला येणारी रक्तं परत पाठवली आणि आम्ही पुन्हा बसलो. अकराच्या सुमाराला एका स्लाइडवर त्या थांबल्या.

"हा मलेरिया तू पकडलास? एका पेशीत जंतूचं एवढंसं वलय आहे."

"हो. दुसऱ्यांदा बघताना दिसलं."

"चांगली नजर आहे," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक होतं आणि वाईट वाटणंही होतं. मला कुणी शिकवणाऱ्या माणसानं चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. ते ऐकायला मला नेमकी तीच सकाळ मिळाली.

आता खरी गोष्ट. पेटीत एक स्लाइड होती, जिची मी कालपासून वाट बघत होतो. नंबर अकराशे बारा. राजश्री मलगोंडा नाईक, वय दहा, मुक्काम चिंचेवाडी. वीस दिवसांपूर्वीची, मंगळवारची. म्हणजे मॅडम नसायच्या त्या वाराची.

ती स्लाइड मी मन लावून मोजली होती. शंभर पेशींत लिम्फोसाइट आल्या ब्याऐंशी. असा आकडा मी कधी बघितला नव्हता. परत मोजली, परत ब्याऐंशी. नियमानं ती बाजूला ठेवायला हवी होती. पण बुधवारी मॅडम आल्या असत्या, स्लाइड बघितली असती आणि विचारलं असतं, तुला या पेशी कशा वाटतात? मला त्यांतलं काही कळत नव्हतं. कसं मोजायचं तेवढं येत होतं. एका प्रश्नात माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मी ब्याऐंशीच्या जागी बावन्न लिहिले, बाकीचे आकडे त्याला जुळवून घेतले, शंभराची बेरीज केली आणि सही केलेला फॉर्म देऊन टाकला. बावन्न म्हणजे लहान पोरांत चालून जाणारा आकडा. कुणी काही विचारत नाही.

दुपारी तीनला अकराशे बारा माझ्या हातात आली. काचेचीच पट्टी ती. हातातून सुटली, फुटली, असं झालं असतं तर कुणाला संशय आला नसता, दोन दिवसांत दोन फुटल्याच होत्या. मी तिला कडेनं धरून उभा राहिलो. मॅडम मान खाली घालूनच म्हणाल्या, "लाव की." सकाळी त्यांनी नजर चांगली आहे म्हटलं नसतं तर मी काय केलं असतं ते मला खरंच सांगता येत नाही. मी लावली.

त्यांनी स्लाइड इकडून तिकडे सरकवली. मग दुर्बिणीवरून डोळे न काढता म्हणाल्या, "काय लिहिलंस?"

"पॉली बेचाळीस, लिम्फो बावन्न."

"बावन्न?" त्या उठल्या. "बस इथं. बघ. त्या मोठ्या, मध्ये फिकट असलेल्या. आत ठिपका दिसतो?"

"दिसतो."

"त्या लिम्फोसाइट नाहीत. त्या ब्लास्ट आहेत. अर्धवट वाढलेल्या पेशी, ज्या रक्तात दिसायलाच नकोत. मोहन, या मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे. आणि इथं तर सगळीकडे त्याच आहेत. बावन्न कसे लिहिलेस?"

"मोजताना चुकलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण वाद घातला नाही. रजिस्टरमधून गावाचं नाव घेतलं, कोल्हापूरला एका डॉक्टरांना फोन लावला, कॉट राखून ठेवायला सांगितलं आणि गाडीची किल्ली उचलली. उरलेल्या स्लाइडी नंतर बघू म्हणाल्या.

चिंचेवाडी तासाभराच्या अंतरावर. मॅडम स्वतः गाडी चालवत होत्या. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "असल्या आजारात वीस दिवस म्हणजे फार झाले." पुढं मी मनात काय काय बोललो ते देवालाच ठाऊक. लग्न, नोकरी, पोलीस, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. ती पोरगी जिवंत असावी, एवढंच मागत होतो. वेशीवर एका म्हाताऱ्याला नाईकांचं घर विचारलं. "ते व्हय, दूध संस्थेचं सेक्रेटरी. देवळामागं," तो सहज म्हणाला आणि चालायला लागला. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. गावात वाईट घडलं असतं तर तो असा चालायला लागला नसता, असं म्हणून मी श्वास सोडला.

राजश्री सोप्यात घोंगड्यावर पडली होती. जागी होती. ओठ पांढरे, पायांवर निळे डाग. आई उशाशी बसून तिला पेज भरवत होती. मलगोंडा नाईक संस्थेत जायच्या तयारीत होते, खांद्यावर टॉवेल, खिशाला पेन. आम्हाला बघून गडबडले.

"या की, या की. मॅडम न्हवं तुम्ही? दवाखान्यातल्या?"

मॅडमनी उभ्या उभ्याच सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. तो लहान पोरांत बरा होऊ शकतो, पण आत्ताच्या आत्ता निघायला हवं, हेही सांगितलं. आईच्या हातातली वाटी कलंडली. आणि मग नाईकांनी हात जोडले.

"डॉक्टर म्हणालं हुतं, रगत कमी हाय, गोळ्या द्या. आम्ही गोळ्याच देत बसलो असतो. तुम्ही सोताहून एवढ्या लांब आलासा. कोण येतंय हो?"

"आभार मानू नका," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट चुकला होता. त्यावर सही माझी आहे. चूक माझी आहे."

"माणूसच हाय, मॅडम. चुकतंय. येऊन सांगितलासा हेच लई झालं."

झालं. एवढ्यावर मिटलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन त्या मुलीच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायला वाकल्या. मी गप्प राहिलो असतो तर माझं खोटं सर्टिफिकेट पोलिसांत गेलं असतं, पण तो बावन्नचा आकडा जन्मभर नजरचूकच राहिला असता. मला कुणी बोल म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बहुधा मी पुन्हा खोटंच बोललो असतो.

"नाईक, मॅडमनी ती स्लाइड बघितलीच नव्हती," मी म्हणालो. "मोजली मी. ब्याऐंशी आल्या होत्या. मी बावन्न लिहिल्या."

मॅडमचा हात पोरीच्या कपाळावर थांबला.

"चुकून?" नाईकांनी विचारलं.

"नाही. ब्याऐंशी लिहिलं असतं तर मॅडमनी प्रश्न विचारला असता, आणि मला उत्तर देता आलं नसतं. मी कॉलेजात शिकलेलो नाही. माझा डिप्लोमा खोटा आहे."

"किती येळा मोजलासा?"

"दोनदा."

"दोन्ही येळंला ब्याऐंशी?"

"हो."

ते माझ्याकडे एक पाऊल आले. मला वाटलं आता हात उठणार, आणि उठावा असंही वाटलं. त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं.

"मी रोज दीडशे माणसांच्या दुधाची फॅट लावतो," ते म्हणाले. "जी येती ती लिवतो. माझ्या सख्ख्या भावाची कमी आली तर कमी लिवतो. वर्सभर बोलला न्हाई त्यो माझ्यासंगं." मग त्यांनी पोरीकडे बघितलं. "त्ये तर नुसतं दूध हाय हो."

आई पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली. नाईक पुढं झाले, पोरीच्या मानेखाली हात घातला, आणि तसाच काढून घेतला.

"उचला तिला," ते मला म्हणाले. "मला उचलवत न्हाई."

इथं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मंगळवारी मॅडमनी पत्र दिलं. उरलेल्या स्लाइडी त्यांनी एकटीनं तपासल्या. माझ्यावर चारशेवीसचा गुन्हा दाखल झाला, पेपरात नाव आलं, लग्न मोडलं. जिच्याशी ठरलं होतं तिच्या घरच्यांना मी दोष देत नाही. माझी आई सहा महिने माझ्याशी बोलली नाही. कोर्टानं शिक्षा दिली, त्यातले आठ महिने मी आत काढले. मॅडमचं रजिस्ट्रेशन सहा महिने स्थगित झालं आणि त्या दवाखान्याची दारं त्यांना कायमची बंद झाली. बाहेर आलो तर मला दारात कोण उभं करणार? त्यांनी केलं. कोल्हापुरात स्वतःची लॅब काढली होती, तिथं बाटल्या धुवायला ठेवलं. दुर्बिणीला हात लावायचा नाही, अशी अट. बारावीचं फिजिक्स त्यांनीच रोज दुपारी घेतलं आणि त्यात मी छप्पन्न मार्क पाडले. एकतिसाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून, मी खरा डिप्लोमा घेतला. पहिल्याच तासाला सरांनी पेन्सिलीचं सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पोरं हसली.

राजश्रीवर मुंबईला अडीच वर्षं उपचार चालले. ती बरी झाली. आज ती आजऱ्याकडे एका शाळेत शिकवते.

लोक मला विचारतात, ज्या बाईनं तुला तुरुंगात घातलं तिच्या घरी दिवाळीचा पहिला डबा घेऊन कसा जातोस? मला त्यांचं नवल वाटतं. मॅडमनी मला त्या रविवारी नुसतं हाकलून दिलं असतं, तर मी दुसऱ्या तालुक्यात दुसरी लॅब शोधली असती, आणि चिंचेवाडीत एक पोर गोळ्या खात खात गेली असती. मला ते कधी कळलंही नसतं. मी आज सुखानं झोपतो ते त्यांच्यामुळं. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "बरं, बरं. मागच्या आठवड्याच्या स्लाइडी नीट लावल्यास का?"

तर त्या संध्याकाळी मी राजश्रीला उचललं. दहा वर्षांची पोर, पण अंगात काही राहिलं नव्हतं. मॅडमनी गाडी सुरू केली. त्यांच्या शेजारी नाईक बसले, मागं आई आणि मी, आणि राजश्री आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. डोकं माझ्याकडे होतं. गाव मागं पडल्यावर तिनं डोळे उघडून माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुम्हीच माजं रगत काढलासा न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"अजिबात दुखलं न्हाई. मी आईला तवाच म्हटलं, या दादाला चांगलं येतंय." मग तिनं विचारलं, "आता परत काढणार?"

"काढावं लागेल."

"मग तुम्हीच काढा."

मी पुढं बघितलं. मॅडमची नजर रस्त्यावर होती. आईनं पदर तोंडाला लावला होता. मलगोंडा नाईक समोरच्या काचेतून बघत, मागं न वळता म्हणाले, "काढू दे त्येंनाच."

कोल्हापुरात पोचल्यावर राजश्रीचं रक्त मी काढलं. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. पोरीनं हात हलवला नाही. त्यानंतर साडेसात वर्षं मी कुणाचंही रक्त काढलं नाही.